शिकागोच्या मतदारांनीं काय गुन्हा केला?

अलीकडे शाळा-कॉलेजांतून आणि तालुक्याच्या सभागृहांतून एका नव्या तऱ्हेचें कीर्तन चालू झालें आहे. बुवांच्या अंगावर उपरणें नसतें, कोट असतो. हातांत चिपळ्या नसतात, ध्वनिवर्धकाचा दांडा असतो. बिदागी मात्र जुन्या बुवांनीं स्वप्नांतहि पाहिली नसेल इतकी असते. विषय ठरलेला : अपयशानें खचूं नका. आणि उत्तररंगांत आख्यान लावतात तें अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचें. म्हणे, २००० सालीं हा थोर पुरुष एका निवडणुकींत सपाटून आपटला, लोकांना त्याची किंमत कळली नाहीं. पण तो डगमगला नाहीं, आणि आठ वर्षांनीं बघा, सगळ्यांत बलाढ्य देशाचा धनी झाला! पोरें टाळ्या वाजवितात, बुवा पाकीट खिशांत घालून पुढच्या गांवीं जातात.

ओबामांच्या चिकाटीबद्दल आमची तक्रार नाहीं. चिकाटी होतीच. आमचा राग आहे तो या आख्यानांत ज्यांना दगड करून टाकलें आहे त्यांच्यासाठीं. ज्या लोकांनीं त्यांना पाडलें ते कोण होते, कोठें राबत होते, आणि त्यांनीं पाडलें तें कां, याचा एक शब्द बुवांच्या तोंडून निघत नाहीं. वाटेंत धोंडा आला, ठेंच लागली, मोठा माणूस पुढें गेला. एवढाच त्या लोकांचा या खेळांतला पार्ट. मतदार म्हणजे वाटेंतला धोंडा, ही शिकवण शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या पोरांच्या डोक्यांत भरली जात आहे, म्हणून परक्या मुलखांतल्या पाव शतकामागच्या निवडणुकीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

परका मुलूख म्हटलें खरें, पण तो आमच्या लोकांना अगदींच परका नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली तेव्हां ती त्यांनीं अर्पण केली काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेंतल्या भल्या लोकांना. त्या मोकळ्या झालेल्या गुलामांचीं नातवंडें-पतवंडें विसाव्या शतकांत दक्षिणेंतलीं कापसाचीं शेतें सोडून उत्तरेकडच्या शहरांत पोट भरावयास गेलीं. शिकागो शहरांत तीं दक्षिण भागांत वसलीं. कत्तलखान्यांत राबलीं, पोलादाच्या भट्ट्यांपुढें भाजलीं, आगगाड्यांत हमाल झालीं. त्या भागाला 'साउथ साइड' म्हणतात. १९२८ सालीं या वस्तीनें ऑस्कर डी प्रीस्ट नांवाच्या काळ्या माणसाला वॉशिंग्टनच्या लोकसभेंत निवडून पाठविलें. उत्तरेकडच्या राज्यांतून तेथें पोंचलेला तो पहिला काळा प्रतिनिधि. तेव्हांपासून आजतागायत इलिनॉयच्या त्या पहिल्या मतदारसंघाची जागा काळ्या प्रतिनिधीच्या हातून एकदांहि सुटलेली नाहीं. ज्यांच्या पणज्याला बाजारांत उभा करून विकला, त्यांची ही जागा. आपल्या गांवांत वेशीबाहेरच्या घरचा माणूस पहिल्यांदां सरपंचाच्या खुर्चींत बसतो तेव्हां त्याची सबंध आळी त्या खुर्चीकडे कोणत्या नजरेनें पाहते तें ज्यानें पाहिलें आहे, त्याला साउथ साइडची या जागेवरची माया वेगळी समजावून सांगावयास नको.

१९९९ सालीं त्या जागेवर बॉबी रश बसलेले होते. हा माणूस जॉर्जियांत जन्मलेला. तरुणपणीं ब्लॅक पँथर पक्षाची इलिनॉयमधली शाखा ज्यांनीं उभी केली त्यांतला एक. पँथर म्हटलें कीं लोकांना बंदुका आठवतात; पण त्या पोरांनीं गरिबांच्या लेकरांना सकाळची फुकट न्याहारी घातली आणि रश यांनीं फुकट दवाखाना चालवून काळ्या लोकांना छळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या रोगाची तपासणी केली, हेंहि तितकेंच खरें. ४ डिसेंबर १९६९ रोजीं पहांटे पोलिसांनीं घरांत शिरून त्यांचा सोबती फ्रेड हॅम्प्टन याला बिछान्यांतच गोळ्या घातल्या. हॅम्प्टन तेव्हां अवघा एकवीस वर्षांचा होता. रश वांचले. १९८३ सालीं हॅरोल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले काळे महापौर झाले, त्याच लाटेंत रश नगरसभेंत आले, आणि १९९२ सालीं पक्षांतल्याच जुन्या प्रतिनिधीला, चार्ल्स हेज यांना, हरवून वॉशिंग्टनला गेले. वक्ते म्हणून फर्डे नव्हते. दिल्लीसारख्या त्या राजधानींत त्यांनीं फार मोठे दिवे लावले असेंहि कोणी म्हणत नसे. फेब्रुवारी १९९९ मध्यें त्यांनीं महापौर डेली यांच्याविरुद्ध उभें राहून मोठा मार खाल्ला होता.

म्हातारा बैल एकदां बसला, आतां तो उठत नाहीं, असें ज्यांना वाटलें त्यांत ओबामा होते.

ओबामा त्या वेळीं अडतीस वर्षांचे. इलिनॉयच्या राज्य सिनेटचे, म्हणजे आपल्याकडच्या विधिमंडळासारख्या सभेचे, ते १९९७ च्या जानेवारीपासून सभासद होते; म्हणजे पुरतीं तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. जन्म हवाई बेटांवरचा, बाप केनियाचा, आई कॅन्सासची गोरी. १९८५ ते १९८८ हीं वर्षें त्यांनीं साउथ साइडच्याच गरीब वस्त्यांत लोकांना संघटित करण्यांत घालविलीं होतीं, हें विसरतां येत नाहीं. मग हार्वर्डला कायदा शिकले, तेथील कायद्याच्या मासिकाचे पहिले काळे अध्यक्ष झाले, आणि परत येऊन शिकागो विद्यापीठांत घटनेचा कायदा शिकवूं लागले. माणूस हुशार, सालस, बोलका. सप्टेंबर १९९९ मध्यें त्यांनीं रश यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली.

येथें वाचकांना तिकडची एक रीत सांगितली पाहिजे. त्या मतदारसंघांत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली कीं गुलाल उधळणेंच बाकी राहतें. पण उमेदवारी कोणाला द्यावयाची तें पुढाऱ्याच्या बंगल्यावर रात्रीं दोन वाजतां ठरत नाहीं. पक्षाकडे कल असलेले साधे मतदार रीतसर मतदान करून उमेदवार ठरवितात. हिला 'प्रायमरी' म्हणतात. आमच्याकडे तिकिटासाठीं राजधानींत जाऊन हॉटेलांत आठ-आठ दिवस पडून राहणारे आमदार आम्ही पाहतों, तेव्हां ही रीत आम्हांस हेवा वाटण्यासारखी वाटते. असो.

आतां त्या मतदारांनीं काय काय पाहिलें तें ऐका.

पहिली गोष्ट, त्यांना हा माणूस ठाऊकच नव्हता. ओबामांनीं उभे राहिल्यावर स्वतःच पाहणी करून घेतली. तींत रश यांना ओळखणारे शेंकडा नव्वद आणि ओबामांना ओळखणारे शेंकडा अकरा निघाले. हें त्यांनीं पुढें आपल्या पुस्तकांत मोकळेपणें लिहून ठेवलें आहे. लग्न ठरवितांना मुलगा कोणाचा, घर कोणतें, हें विचारणारा बाप मूर्ख कीं शहाणा? मग पांच शेजाऱ्यांना ज्याचें नांव सांगतां येत नाहीं त्याला आपली जागा सोंपवावयास कचरणारा मतदार मूर्ख कसा?

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. ऑक्टोबर १९९९ मध्यें रश यांच्या तरुण मुलाला शिकागोंत लुटारूंनीं गोळ्या घातल्या आणि तो कांहीं दिवसांत वारला. ओबामांनीं महिनाभर प्रचार थांबविला, हें त्यांच्या सभ्यपणाला साजेसें झालें. पण ज्या वस्तींत दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरांतून असें मढें निघतें, तिनें त्या बापाकडे वेगळ्या डोळ्यांनीं पाहिलें. महापौरकीचा मार खाल्लेला म्हातारा एका रात्रींत घरचा माणूस झाला. याला कोणी राजकारण म्हणो. आम्ही याला शेजारधर्म म्हणतों.

आणि तिसरी गोष्ट हीच खरी गोम. गोळीबाराच्या या थैमानाला आळा म्हणून, बेकायदा बंदूक घेऊन फिरणाराला जबर शिक्षा असावी असा एक कायदा राज्याच्या विधिमंडळापुढें होता. राज्यपाल रायन यांनीं, आणि ते विरुद्ध पक्षाचे होते हें लक्षांत घ्या, ऐन नाताळांत खास अधिवेशन बोलावून तो पुन्हां मताला टाकला. ओबामा तेव्हां हवाईला होते. आजीला भेटावयास दर वर्षीं जात, तसे बायको आणि दीड वर्षाची मुलगी यांना घेऊन गेलेले. मुलगी तापानें आजारी पडली. मतदानाच्या दिवशीं ते परत आले नाहींत, आणि कायदा थोडक्या मतांनीं पडला.

लेकरूं आजारी असतां बापानें तें सोडून यावें असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. पण गिरणीच्या दारांत, नाहींतर ऊसतोडीच्या फडांत, ज्या बायकांचीं लेकरें तापानें फणफणत असतां त्यांना कामावर उभें राहावें लागतें, नाहींतर हजेरी बुडते, त्यांना विचारा. आमदाराची हजेरी वर्षांतून अशी एखाद्याच दिवशीं मोलाची असते. इतर दिवशीं सभागृहांत तो जांभया देतो कीं गप्पा मारतो याचा फारसा फरक पडत नाहीं. ज्या दिवशीं मत मोजलें जातें त्या दिवशीं बांकावर बसलेला असणें हीच त्याची नांगरट, हीच त्याची पेरणी. वाफसा निघून गेल्यावर पाभर घेऊन आलेल्या गड्याला आपण काय म्हणतों? वर्तमानपत्रांनीं गैरहजर राहिलेल्यांना झोडपलें. रश यांच्या माणसांनीं घरोघर हीच गोष्ट सांगितली. मग राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनींहि रश यांच्या बाजूनें रेडिओवर आवाज दिला. त्यानंतर कांहीं उरलें नाहीं.

२१ मार्च २००० रोजीं मतदान झालें. रश यांना शेंकडा ६१, ओबामांना ३०, आणि तिसरे उमेदवार डॉन ट्रॉटर यांना ७. ओबामांच्या पदरांत जीं पडलीं त्यांत मतदारसंघाच्या कडेला राहणाऱ्या गोऱ्यांचीं मतें भरपूर होतीं. काळी वस्ती जवळजवळ एकजूट होऊन रश यांच्यामागें उभी राहिली.

येथवर आम्ही साउथ साइडच्या बाजूचे. पण त्या निवडणुकींत एक घाणेरडें हत्यार वापरलें गेलें, आणि त्याबद्दल रश यांना आणि ट्रॉटर यांना आम्ही सोडणार नाहीं. रश म्हणत, हा हार्वर्डला जाऊन शिकलेला मूर्ख होऊन आला. ट्रॉटर म्हणत, लोकांना तो काळें तोंड रंगवलेला गोरा वाटतो. म्हणजे काय? ज्या जातीला अक्षर शिकवणें हा दक्षिणेंत एके काळीं कायद्यानें गुन्हा होता, त्या जातीच्या पुढाऱ्यानें तिच्याच पोराला 'तूं फार शिकलास' म्हणून हिणवावें? हा विंचू आमच्या अंगणांतहि फिरतो. माळ्याचा, कुणब्याचा, महाराचा, साळ्याचा पोरगा मोठा हुद्दा मिळवून गांवीं आला कीं 'साहेब झाला, आतां आमचा राहिला नाहीं' असें म्हणणारे पहिले आपलेच असतात. वरच्या लोकांना हें ऐकून गुदगुल्या होतात, कारण त्यांचें काम फुकट होतें. शिकलेला 'आपला' नाहीं आणि 'आपला' तो न शिकलेला, असें एकदां ठरलें कीं दप्तर पुन्हां ज्यांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या होतें त्यांच्याच हातीं जातें. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं तीं काय मूर्ख तयार करावयास?

ओबामा शिकलेले होते हा त्यांचा दोष नव्हता. दोष होता तो उतावळेपणाचा, आणि मताच्या दिवशीं रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचा. हे दोष हार्वर्डला न जातांहि करतां येतात. आमचे कित्येक आमदार रोज करितात. लोकांनीं या दोषांवर मत दिलें कीं हार्वर्डच्या शिवीवर, हें आतां कोण मोजणार? आमची समजूत अशी आहे कीं ज्याच्या दारांत मढें पडतें तो माणूस शिवीवर फार वेळ दवडीत नाहीं.

आतां बुवांच्या आख्यानांत जें कधींच येत नाहीं तें सांगतों. या गोष्टीला एक पूर्वरंग आहे, आणि त्यांत हरणारी बाई दुसरीच आहे.

ओबामा राज्य सिनेटमध्यें ज्या जागेवर बसले ती जागा ॲलिस पामर या काळ्या बाईंची. १९९५ सालीं शेजारच्या दुसऱ्या मतदारसंघाचे प्रतिनिधि मेल रेनॉल्ड्स गुन्ह्यांत सांपडून पायउतार झाले आणि वॉशिंग्टनची जागा रिकामी झाली. पामर बाई तिच्यासाठीं उभ्या राहिल्या आणि आपल्या जागेवर ओबामांना पुढें केलें. नोव्हेंबर १९९५ च्या प्रायमरींत त्या तिसऱ्या आल्या. जिंकला कोण? जेसी जॅक्सन, धाकटे. थोरले जेसी जॅक्सन हे नामांकित पुढारी, त्यांचा मुलगा. राज्याच्या विधिमंडळांत बाईंनीं काम केलें होतें, धाकट्या जॅक्सनजवळ बापाचें नांव होतें. आणि नांवाचें वजन जास्त भरलें. हें वाचून ज्याला आपला तालुका आठवणार नाहीं असा वाचक महाराष्ट्रांत विरळा.

हरल्यावर बाईंना आपली जुनी जागा परत हवीशी वाटली. त्यांच्या माणसांनीं ओबामांना बाजूला व्हा म्हटलें. ओबामा झाले नाहींत. शब्द दिला तो दिला, हें त्यांचें म्हणणें चूक नव्हे. पण पुढें जें केलें तें पाहा. तिकडे उमेदवाराला अर्जासोबत मतदारांच्या सह्या जोडाव्या लागतात. या जागेला साडेसातशेंच्या वर लागत होत्या. बाईंनीं घाईघाईनें गोळा केलेल्या सह्यांवर ओबामांच्या लोकांनीं हरकत घेतली. ही सही जोडाक्षरांत नाहीं, छापील अक्षरांत आहे. हा माणूस मतदारसंघाबाहेर राहतो. या बाईची नोंद दुसऱ्या पत्त्यावर आहे. एक एक करून सह्या खोडल्या. पामर बाईंनीं माघार घेतली. मग बाकीच्या उमेदवारांचेहि अर्ज असेच बाद झाले, आणि लोकांना संघटित करावयास शिकागोला आलेला तरुण प्रायमरीच्या मतपत्रिकेवर एकटाच उरला. पहिली प्रायमरी त्यानें जिंकली ती लोकांना निवड न करूं देतां.

कायद्यांत बसलें, होय. आपल्याकडे छाननीच्या दिवशीं एका शिक्क्यासाठीं, एका अनुमोदकाच्या सहीसाठीं गरीब उमेदवाराचा अर्ज बाद होतो, तेंहि कायद्यांत बसतें. ज्याच्याजवळ वकील असतो त्याचा अर्ज कधीं बाद झालेला आम्ही फारसा पाहिला नाहीं.

म्हणून आम्ही म्हणतों कीं २००० सालीं साउथ साइडचे लोक ओबामांना पहिल्यांदांच खरें मत देत होते. प्रायमरींत त्यांना प्रथमच ओबामांसह दोन-तीन माणसें समोर उभीं करून विचारलें गेलें कीं बोला, कोण हवा? आणि त्यांनीं सांगितलें.

या उत्तरापासून ओबामा काय शिकले? बुवा म्हणतात, चिकाटी. आम्ही कागद पाहतों. दर दहा वर्षांनीं शिरगणती झाली कीं तिकडे मतदारसंघांच्या हद्दी नव्यानें आंखतात. इलिनॉयमध्यें दोन्ही पक्षांचें जमलें नाहीं तर चक्क चिठ्ठी टाकून कोण आंखणार तें ठरवितात. २००१ सालीं चिठ्ठी डेमोक्रॅटिक पक्षाची निघाली. पण त्याच्याहि आधीं, त्या वर्षींच्या वसंतांत, ओबामा पक्षाच्या नकाशे आंखणाऱ्या कचेरींत जाऊन बसले आणि संगणकाच्या पडद्यावर आपला राज्य सिनेटचा मतदारसंघ आंखून घेतला. जुना मतदारसंघ पश्चिमेकडे, एंगलवुडसारख्या दरिद्री काळ्या वस्त्यांकडे पसरला होता. नवा निघाला तो सरोवराच्या कांठाकांठानें उत्तरेकडे, शहरांतल्या पेढ्यांच्या गल्लीवरून थेट 'गोल्ड कोस्ट' नांवाच्या धनवानांच्या माड्यांपर्यंत. हा मतदारसंघ पूर्वीपेक्षां अधिक गोरा, अधिक शिकलेला आणि पुष्कळच अधिक श्रीमंत होता. एंगलवुडच्या लोकांनीं पुढें कोणाला मत द्यावयाचें तें त्यांचें तें पाहोत.

गाडी अडली तर शेतकरी बैलाला गोंजारतो, चाकाला वंगण देतो, फारच झालें तर ओझें उतरवितो. रस्ताच उचलून दुसऱ्याच्या शेतांतून न्यावा ही अक्कल त्याला अजून आलेली नाहीं. आमच्या प्रेरणादायी बुवांनीं ही युक्ति पोरांना शिकवावी म्हणजे आख्यान पुरें होईल : बाळांनो, परीक्षकानें नापास केलें तर खचूं नका, परीक्षक बदला!

त्याच माड्यांतून पुढें पैसा आला. २००३ पासून राज्य सिनेटचे अध्यक्ष झालेले एमिल जोन्स, तेहि १९९५ च्या त्याच प्रायमरींत हरलेले, यांनीं ओबामांच्या हातीं मोठमोठीं विधेयकें दिलीं. आणि हें सांगितलेंच पाहिजे कीं त्यांतलीं कांहीं फार चांगलीं होतीं. खुनाच्या आरोपीची पोलिस चौकशी चित्रफितीवर नोंदवावी, रस्त्यांत अडविलेल्या माणसाच्या वर्णाची नोंद पोलिसांनीं ठेवावी, हे कायदे २००३ चे, आणि त्यांचा फायदा साउथ साइडच्या पोरांनाच झाला. २००४ सालीं ते वॉशिंग्टनच्या सिनेटमध्यें शेंकडा ७० मतें घेऊन गेले. त्या वेळीं पक्षांतर्गत लढतींत रश यांनीं, जुना डंख मनांत धरून म्हणा कीं आणखी कशानें, ओबामांना न देतां आपला पाठिंबा ब्लेअर हल नांवाच्या गोऱ्या कोट्यधीशाला दिला होता. पँथर म्हातारा झाला म्हणजे कोठें पाणी पितो तें पाहा! २००८ सालीं मात्र ते ओबामांच्या बाजूला आले. तोंवर सगळेच आले होते.

आम्हांस विचारतात : साउथ साइडनें २००० सालींच ओबामांना निवडून दिलें असतें तर? तर कदाचित् ते वॉशिंग्टनच्या चारशें पस्तीस सभासदांतले एक होऊन बसले असते आणि राष्ट्राध्यक्षपद राहिलें असतें. म्हणजे हरविण्यानेंच त्यांचें भलें झालें, असें म्हणून हे लोक मतदाराला पुन्हां एकदां कामाला लावतात! आधीं तो धोंडा होता, आतां तो पायरी झाला. पाय मात्र त्याच्यावर दोन्ही वेळां पडला. साउथ साइडच्या लोकांनीं मत दिलें तें ओबामांच्या चरित्रासाठीं दिलें नव्हतें. त्यांना आपली गल्ली, आपली शाळा, आपलीं मढीं दिसत होतीं, आणि या तीन गोष्टींचा जाब ज्याला विचारतां येईल असा ओळखीचा माणूस त्यांना हवा होता. तो फार मोठा नव्हता. ओळखीचा होता.

मग जाब मिळाला काय? २०१० सालीं ओबामांनीं आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्यानें लाखो गरिबांना दवाखान्याचें दार उघडलें. हें पुण्य त्यांच्या पदरीं घालतों, मोजून घालतों. पण मे २०१३ मध्यें शिकागोच्या शिक्षणमंडळानें एका दमांत सुमारें ५० शाळा बंद केल्या. महापौर होते राम इमॅन्युएल, ओबामांच्या कारभाराचे पहिले मुख्य व्यवस्थापक. बंद झालेल्या शाळा बहुतेक काळ्या वस्तींतल्या, दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या. पट कमी झाला हें कारण. आमच्या खेड्यांतल्या आईबापांना हें कारण नवें नाहीं. पट वीसच्या खालीं गेला म्हणून वाडीवरची शाळा उठवून पोरांना ओढ्यापलीकडच्या गांवांत धाडण्याचे बेत त्यांनीं ऐकले आहेत. त्या वेळीं राष्ट्राध्यक्षाच्या गादीवर साउथ साइडचा माणूस बसला होता. शाळा वांचल्या नाहींत.

तेव्हां रश यांनीं तरी काय केलें, असें कोणी म्हणेल. फार कांहीं नाहीं. १९९३ पासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत, तीस वर्षें, ते त्या जागेवर राहिले. एकदां माया लागली कीं साउथ साइडचे लोकहि आमच्यासारखेच. दर निवडणुकीला तोच शिक्का. मताच्या दिवशीं गैरहजर राहिलेल्या माणसाला त्यांनीं जो प्रश्न विचारला तो त्यांनीं रश यांना तीस वर्षांत पंधरा वेळां विचारावयास हवा होता. तो विचारला गेला नाहीं, आणि आमचा त्यांच्याशीं वाद आहे तो एवढाच.

रश निवृत्त झाले तेव्हां २०२२ सालीं ती जागा पुन्हां मोकळी झाली. प्रायमरीला सतराच्या आसपास माणसें उभीं राहिलीं. त्यांत नगरसेविका होत्या, राज्याच्या विधिमंडळांतल्या बाई होत्या, वर्षानुवर्षें वस्तींत काम केलेलीं माणसें होतीं. जागा मिळाली जोनाथन जॅक्सन यांना. थोरल्या जेसी जॅक्सनचे हे दुसरे चिरंजीव. पूर्वीं कोणत्याहि सभेवर निवडून न आलेले. ज्या वडील भावानें १९९५ सालीं पामर बाईंना मागें टाकलें होतें, त्यानें २०१३ सालीं प्रचाराच्या पैशांतून साडेसात लाख डॉलरच्या आसपास खासगी चैनीवर उधळल्याचा गुन्हा कोर्टांत कबूल करून तुरुंग पाहिला होता. तरी नांव चाललें. विधिमंडळांतलीं माणसें पुन्हां हरलीं, आणि त्यांच्यावर कीर्तन करावयास कोणी बुवा अजून उभा राहिलेला नाहीं.